वरच्या मजल्याविना

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि सुट्टीत कुठे उतरायचं हे आजवर धाकटीला कुणी विचारलं नव्हतं. ते खातं दादांचं, म्हणजे तिच्या मोठ्या दिरांचं. यंदा दोन्ही कुटुंबं पहिल्यांदाच परदेशी निघाली होती आणि दादांनी टेकडीवरचा एक बंगला जवळजवळ पक्का केला होता. पोहायचा तलाव, गच्चीतून समुद्र. जेवणाच्या टेबलावर फोटो या हातातून त्या हातात फिरले.

"पायऱ्या दिसतायत," धाकटी म्हणाली.

"आहेत थोड्या. भिंगरीला आम्ही उचलून नेऊ. त्यात काय एवढं?"

भिंगरी ही धाकटीची मुलगी. तिला चालता येत नसे, पण चाकांच्या खुर्चीत अशी गर्रकन वळायची की तेच नाव पडलं. तिने ताटातून मान वर केली.

"काका, मागच्या वेळीही तुम्ही मला उचलून वर नेलंत. मग सगळे खाली खेळायला गेलात आणि मी वरच राहिले."

दादांचा घास हातातच राहिला. माणूस मनाचा वाईट नव्हता, त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"या वेळी घर मी बघते," धाकटी म्हणाली.

"बघ. पण समुद्र दिसला पाहिजे हं."

"मला बघायचा नाहीये," भिंगरी म्हणाली. "मला त्यात भिजायचंय."

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सगळं नीट दिसतंय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाही ती पुन्हा पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची. घरमालकांशीही ती तशीच वागली. एकाने जाहिरातीत चाकाच्या खुर्चीची सोय असल्याचं लिहिलं होतं. तिने न्हाणीघराच्या दाराचा फोटो मागितला, तर त्याने बाल्कनीतल्या कुंड्यांचा पाठवला. दुसरा म्हणाला, एकच तर पायरी आहे. तिने त्याला तिथेच रामराम ठोकला.

"अगं, किती चिरफाड करशील?" जाऊबाई म्हणाल्या. "चांगली घरं हातची चालली."

जात होती खरीच. टेकडीवरचा बंगलाही कुणीतरी घेतला. नवरा येता-जाता तिच्या फोनकडे बघायचा. धाकटीच्याही मनात यायचं, सगळ्यांची सुट्टी आपण घालवली तर?

मग एके दुपारी एक पांढऱ्या केसांची घरमालकीण व्हिडिओ कॉलवर आली. दोघींचंही इंग्रजी यथातथाच, पण हातवारे भरपूर. फाटकापासून न्हाणीघरापर्यंत काहीतरी चाकांचं ढकलून दाखवाल का, असं धाकटीने विचारलं. बाई गायब झाल्या आणि कामाच्या टेबलाची फिरती खुर्ची घेऊन उगवल्या. खुर्चीत त्यांचे यजमान, हातात वर्तमानपत्र. एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने त्यांनी खुर्ची ढकलली आणि वरात निघाली. अंगण झालं, दार झालं, बोळ झाला. न्हाणीघराशी मात्र खुर्ची अडली. दार पुरतं उघडतच नव्हतं.

धाकटीने डोळे मिटले. हेही गेलं.

"थांब, थांब," पलीकडून आवाज आला. दारामागे कपडे धुण्याचं यंत्र होतं. दोघा म्हाताऱ्यांनी धापा टाकत ते स्वयंपाकघराकडे ओढलं, दार भिंतीला टेकलं, आणि यजमान खुर्चीसकट आत जाऊन ऐटीत पेपर वाचत बसले. शेजारी बसून बघणारी भिंगरी इतकी हसली की तिला ठसका लागला.

"हेच," ती म्हणाली. धाकटीने लगेच होकार कळवून टाकला.

घर गल्लीत होतं, बैठं होतं, आणि खिडकीतून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसत. दादा बॅगा घेऊन फाटकात काही बोलणार, तेवढ्यात भिंगरी त्यांना वळसा घालून सुसाट आत गेली. कोणत्याही परक्या घरात ती नेहमी शेवटी शिरायची, कुणाच्या तरी कडेवरून. आज ती सगळ्या खोल्या फिरून आली आणि चुलत बहिणींना म्हणाली, "खिडकीजवळचा पलंग माझा. तुम्ही उरलेले वाटून घ्या."

संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या फळ्यांच्या वाटेवरून मुली पाण्याकडे निघाल्या. वाट थेट लाटांपर्यंत जात होती. भिंगरी पुढे होती. दादा धावत मागून गेले, "ढकलू का?" म्हणून विचारलं, आणि उत्तरादाखल अंगावर ओंजळभर खारं पाणी आलं. ते तसेच ओल्या शर्टाने वाळूत बसलेल्या धाकटीशेजारी येऊन बसले.

"पुढच्या वर्षीचंही तूच बघ," ते म्हणाले. "आमचं आपलं फोटो बघून चालतं."

धाकटीने मान डोलावली. मनातून मात्र तिला आनंदाने गल्लीभर ओरडत सुटावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर भिंगरीचा पलंग रिकामा. ती तशीच धावली. दाराशी येते तो गल्लीतून भिंगरी परतत होती, मांडीवर गरम पावाची पिशवी, गाल लाल.

"एकटी गेलीस?"

"सगळे झोपले होते," भिंगरी म्हणाली. "उद्या आणखी लवकर जाते. तिळाचे संपले होते."