कडेगावची ट्यूब मालवणच्या पाण्यात

मित्रांनो, मला जुनी म्हणा, काळी म्हणा, ठिगळांची म्हणा. भंगार मात्र म्हणू नका. मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली ट्यूब आहे, आणि माझ्यात अजून हवा टिकते.

माझा जन्म कारखान्यात झाला म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही, कारण चाकाच्या आत सगळा अंधारच. कडेगावजवळच्या हंबीररावांच्या ट्रॅक्टरला लागून मी कित्येक हंगाम ऊस वाहिला. पुढे टायर झिजला. मला बाहेर काढलं, दोन ठिगळं लावली आणि मळ्यातल्या विहिरीत टाकलं. आभाळ मी पहिल्यांदा तिथून पाहिलं. त्या मळ्यातली सगळी पोरं माझ्यावर पोहायला शिकली. माझा व्हॉल्व त्यांच्या बरगड्यांवर ओरखडे काढायचा, आणि पोरं ते ओरखडे शाळेत कौतुकाने दाखवायची.

आमच्याकडची रीत अशी, की शिकणाऱ्याच्या ट्यूबला दोरी बांधायची आणि काठावर बसून दुसऱ्या कुणीतरी ती धरायची. हे दुसरं कुणीतरी म्हणजे हंबीररावांची बायको, चंद्राबाई. दिरांची पोरं, स्वतःची पोरं, शेजारची पोरं, सगळ्यांची दोरी तिने धरली. तिचे पाय मात्र कधी घोट्याच्या वर भिजले नाहीत. एकदा तिने विचारलं होतं, "मी उतरू का?"

हंबीरराव म्हणाले, "बायामाणसं हिरीत पवत्यात व्हय? गाव हसंल."

विषय मिटला. म्हणजे, हंबीररावांना तसं वाटलं.

मग त्यांच्या नातीला, सृष्टीला, पुण्याहून बदकाच्या तोंडाचा फुगा आला. पोरं त्याच्यामागे धावली आणि मी गोठ्याच्या भिंतीला टेकले. चंद्राबाईचा मुलगा वीरधवल येता-जाता माझ्याकडे बघायचा. "हिच्या पट्ट्या कापल्या तर पायपाला गुंडाळाय बऱ्या," असं म्हणायचा. मित्रांनो, आपल्यासमोर कुणी आपल्या पट्ट्या मोजत असेल तर कसं वाटतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मालवणला जायचं ठरलं. जीप दारात आली तेव्हा चंद्राबाई म्हणाली, "ती ट्यूब टपावर टाक."

"आई, तितं लाइफ जॅकेट भाड्यानं मिळत्यात. ही काळी गादी कशाला?" वीरधवल म्हणाला.

"मिळू देत. मला माजी पायजे."

"कुणासाठी?"

"टाक म्हंते न्हवं."

अशी मी घाट उतरले.

मालवण म्हणजे समुद्रकिनारे, नारळ, पाण्यातला किल्ला आणि मासे, असं तुम्ही वाचलं असेल. ते खोटं नाही. पण टपावरून मला आणखीही दिसलं. तांबड्या चिऱ्यांची उतरत्या कौलांची घरं, दारात वाळत घातलेली जाळी, आणि बाजाराच्या चिंचोळ्या रस्त्यात अडकलेल्या आमच्यासारख्या घाटावरच्या गाड्या. किनाऱ्याच्या एका टोकाला रंगीत छत्र्या आणि फोटो. दुसऱ्या टोकाला मच्छीमार माणसं रापणीचं लांबच लांब जाळं ओढत होती. त्यांना कुणाच्याही फोटोत यायची हौस नव्हती. गाव पाहुण्यांना हसून जेवू घालतं आणि पाठ वळवून आपल्या कामाला लागतं. मला ते फार आवडलं.

रस्त्यात माशांची टोपली घेतलेल्या एका बाईने चंद्राबाईला विचारलं, "वेळेर जातंस काय गे?"

"वेळंवर कसली," चंद्राबाई म्हणाली, "लय उशीर झाला बाई."

ती बाई हसत सुटली. मालवणात किनाऱ्याला वेळ म्हणतात, हे तिने समजावून सांगितलं. चंद्राबाईही हसली. पण उशीर झाल्याचं तिने काही मागे घेतलं नाही.

वाळूत आल्यावर तिने साडीचा ओचा खोचला, मला दोरी बांधली आणि दुसरं टोक हंबीररावांच्या हातात दिलं.

"धरा."

"मी? लोकं बगत्यात."

"लोकं समुद्र बगाय आल्यात. तुमाला कोण बगतंय?"

"आगं, दोरी धरायचं काम गड्याचं हाय व्हय?"

"मग तुमी बसा ट्यूबवर. मी धरते. मला सवय हाय."

हंबीररावांनी एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा दोरीकडे, आणि दोरी मनगटाला गुंडाळली.

किनाऱ्यावरचा जीवरक्षक शिट्टी वाजवत आला. "आजी, कमरेच्या पुढे जायचं नाही. आणि ही ट्यूब किती जुनी आहे?"

"माज्याएवढी न्हाई. आन् कमरंच्या फुडं जात न्हाई."

विहिरीचं पाणी आपल्या जागी असतं. हे पाणी अंगावर येतं. पहिल्याच लाटेने आम्हा दोघींना उचलून वाळूत आपटलं. चंद्राबाईच्या तोंडात पाणी, केसांत वाळू. माझ्या ठिगळाची कड उचकटली आणि तिथून बारीक बुडबुडे यायला लागले.

हंबीरराव धावत आले. "झाली न्हवं हौस? चला भाईर."

चंद्राबाई खोकली, थुंकली. "खारट हाय," म्हणाली, आणि मला पुन्हा लाटेकडे ढकललं.

मीही हट्टाला पेटले. हवा घट्ट धरून ठेवली. दुसरी लाट आली आणि आम्ही तिच्यावरून गेलो. तिने पाय जमिनीवरून उचलले. इतकी वर्षं दोरीतून मला फक्त तिचा हात कळायचा. आता अख्खी चंद्राबाई माझ्यावर होती, आणि ती तरंगत होती.

"येतीस का आता?" किनाऱ्यावरून हाक आली.

"न्हाई. अजून न्हाई."

घरी परतल्यावर वीरधवलने मला टपावरून उतरवलं. ठिगळ सुटत आलेलं बघून तो पातं घेऊन बसला.

"तिला हात लावायचा न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "पंक्चर काढून आण. उन्हाळ्यात मी हिरीत उतरणार हाय."

"आई, मालवणात कोण वळकतंय? हितं सगळं गाव हाय."

"म्हणूनच."

मित्रांनो, मालवणला जरूर जा. वाळूत बाटल्या टाकू नका, जीवरक्षकाची शिट्टी ऐका. घरी माझ्यासारखी कुणी ट्यूब असेल तर तिला उन्हात सोडू नका, व्हॉल्वला टोपण लावा. आणि तुमच्या घरात कुणी नेहमी काठावरच बसत असेल, तर ती का बसते, ते तिलाच विचारा. दुसऱ्या कुणाला विचारू नका.

मला नवं ठिगळ लागलं आहे. आम्ही दोघी उन्हाळ्याची वाट बघतो आहोत. त्या दिवशी या. हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त काठावरून जरा बाजूला सरा, उडी मारायला जागा लागते.