शारदाबाईंचा ओटीपी

जुलै लागला की रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या दिवाकर खेडीकरांच्या अंगात यायचं. बाकीचे अकरा महिने हा माणूस रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडणारा साधा पेन्शनर. जुलैत मात्र जेवणाच्या टेबलावरून लोणच्याच्या बरणीसकट सगळं उचललं जाई, तिथे लॅपटॉप येऊन बसे, आणि खेडीकर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून इन्कम टॅक्सची रिटर्नं भरायला घेत. स्वतःचं एक आणि बायकोचं एक, अशी एकूण दोन. आव मात्र असा, की देशाचा खजिना यांच्याच टेबलावरून दिल्लीला रवाना होतो.

पैसे देऊन रिटर्न भरून घेणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. शेजारचे नरेश वानकर दरवर्षी कोणाला तरी आठशे रुपये देऊन मोकळे होत, आणि खेडीकर दरवर्षी त्यांना फाटकाशी गाठत.

"नरेश, दाढी तर स्वतः करतो ना तू? मग रिटर्नले न्हावी कशाले पायजे?"

नरेशराव हसून सोडून देत. त्यांना झोप प्यारी होती.

सलत होतं ते वेगळंच. मुलगा स्वानंद घरूनच जाऊन-येऊन नवा रायपूरच्या एका कंपनीत नोकरी करत होता, आणि मागल्या वर्षी त्याने आपलं रिटर्न बापाच्या हातून काढून बुढापाऱ्यातल्या अनुश्री नावाच्या सीएकडे दिलं होतं. बाईमाणूस, वयाने स्वानंदएवढीच, आणि फी दीड हजार! त्या दिवशी खेडीकरांनी घरात जाहीर केलं, "पोट्ट्याची अक्कल गेली, जाऊ दे. पण मी जिवंत हावो तोवर या घरातला दुसरा कागद कोण्या वकिलाच्या पायऱ्या चढनार नाही." सीएला ते वकीलच म्हणत. आणि हे वाक्य त्यांनी नंतर पाऱ्यात इतक्या वेळा इतक्यांना ऐकवलं, की आता त्यातून माघार घेणं म्हणजे भर चौकात धोतर सुटण्यासारखं होतं.

यंदाच्या जुलैतही त्यांनी स्वतःचं रिटर्न भरलं, मग शारदाबाईंचं घेतलं. त्यात भरायचं असं काय होतं? शारदाबाईंच्या माहेरच्या वाटणीची एक एफडी, तिचं व्याज, आणि राहतं घर. घर शारदाबाईंच्या नावावर होतं, कारण बायकोच्या नावाने रजिस्ट्री केली की खर्च कमी येतो. तो पैसा वाचवल्याची कथा खेडीकर अजून सांगत. घर मात्र ते 'माझं घर' असंच म्हणत.

सगळं भरून झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली. "शारदा, फोन आन. ओटीपी आला अशीन."

शारदाबाई पदराला हात पुसत आल्या. फोन हातात ठेवूनच म्हणाल्या, "आयका ना. त्या फारमात घराबद्दल काही लिहाचं असते का? मले वाटते, एक गोष्ट तुमाले..."

"तुले काय समजते त्याच्यात? ओटीपी सांग."

शारदाबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग त्यांनी आकडे सांगितले. खेडीकरांनी ते बोटाने ठोकून ठोकून भरले, आणि पाठ खुर्चीला टेकवली. "झालं. दीड हजार वाचवले तुये."

तीस वर्षं लोकांच्या बिलांवर 'कारण स्पष्ट करा' असा लाल शेरा मारून ज्याने नोकरी काढली, त्याला बायकोची मिळकत लिहिताना बायकोला एक प्रश्न विचारावा, असं कधी सुचलं नाही. सुचणार कसं? स्वतःपुढे ज्याला सगळं जग मठ्ठ दिसतं, त्याला विचारायची सवय नसते, फक्त सांगायची असते.

डिसेंबरातल्या एका रविवारी त्या शहाणपणाची पोचपावती आली. खेडीकरांच्याच ईमेलवर आली, कारण बायकोच्या नावापुढे ईमेल त्यांनी आपलाच टाकला होता. सकाळी नरेशराव चहाला आले होते, उन्हात खुर्च्या टाकलेल्या होत्या, आणि खेडीकरांनी ते पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शारदा दिवाकर खेडीकर यांना घरभाडं मिळाल्याची माहिती खात्याकडे आहे, रिटर्नमध्ये मात्र ते दिसत नाही. महिनाअखेरपर्यंत रिटर्न सुधारा, किंवा माहिती चुकीची असेल तर तसं कळवा.

"घरभाडं!" खेडीकर खदाखदा हसले. "पाह्यलं तुमच्या सरकारचं कम्प्युटर? आमच्या घरी किरायेदार! कोन हाय रे तो? मले तर आजवर दिसला नाही."

"माहं आयक," नरेशराव म्हणाले, "एखाद्या वकिलाले दाखवून घे. महिना संपत आला."

"वकिलाले? मी?" खेडीकरांनी कप खाली आपटला. "अरे, या लोकाईले कसं उत्तर द्याचं ते मी शिकवतो. थांब."

लॅपटॉप अंगणात आला. खेडीकर टाइप करत गेले आणि वाचत गेले. रेल्वेतली जुनी भाषा त्यांच्या बोटांतून पुन्हा वाहू लागली. सदर घरात कोणीही भाडेकरू नाही. मुलगा आईवडिलांसोबत राहतो, तो एक पैसाही भाडं देत नाही. आपली माहिती सपशेल खोटी असून ती देणाऱ्यावर कारवाई व्हावी.

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, इतकं ते त्यांना आवडलं.

आतून स्वानंद बाहेर आला. तोंडात टूथब्रश, तसाच. बापाशी तो मराठीत सुरुवात करायचा आणि घाबरला की हिंदीवर यायचा. आज थेट हिंदीवरच आला. "बाबा, ये मत भेजो."

"काहून?"

"बस, मत भेजो. मेरी नौकरी का सवाल है."

"माह्या उत्तराशी तुया नौकरीचा काय संबंध? शारदा! फोन आन. लॉगिन करतो, ओटीपी येईन."

फोन शारदाबाईंच्या हातातच होता. तो वाजलाही. त्या दारात उभ्या होत्या.

"सांग."

"नाही सांगत," शारदाबाई म्हणाल्या.

खेडीकरांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. नरेशरावांना मात्र नीट ऐकू आलं होतं. त्यांनी कप तोंडाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"काय म्हनली तू?"

"नाही सांगत म्हनलं. ते पाठवाल, तर पोट्टा खोटा पडीन. त्यानं ऑफिसात माहा पॅन नंबर देऊन दाखवलं हाय, की मी मायले किराया देतो म्हनून. त्यावर त्याले टॅक्सात सूट भेटली. आता मायच्या नावानं तुमी लिहून द्या, का भेटतच नाही! मंग त्याची सूट खोटी, तो खोटा."

"मंग खोटाच हाय तो!"

"खोटा काहून? देते ना तो. दर महिन्याले माह्या खात्यात बारा हजार येतात."

गल्लीतून एक स्कूटर गेली, तिचा आवाज सगळ्यांनी नको तितक्या लक्षपूर्वक ऐकला.

"कोनतं खातं?" खेडीकरांनी विचारलं.

"माहं."

झालं होतं ते असं. मागल्या वर्षी स्वानंदने जेवताना विषय काढला होता. अनुश्रीने त्याला सांगितलं होतं, घर आईचं आहे तर आईला भाडं दे, पगारातल्या घरभाडे भत्त्यावर सूट मिळेल. पण खरंच द्यायचं, बँकेतून द्यायचं, आणि आईने आपल्या रिटर्नमध्ये ते दाखवायचं. नुसत्या पावत्या फाडायच्या असतील तर दुसरा सीए बघ. स्वानंदचं बोलणं पुरं व्हायच्या आत खेडीकरांनी ताट सरकवलं होतं. "मायबापाच्या घरात किराया? धर्मशाळा हाय का हे? लोकं तोंडात शेन घालतीन." विषय संपला. म्हणजे त्यांच्यासमोरचा संपला. दुसऱ्याच दिवशी सून इरावती सासूला घेऊन बँकेत गेली आणि खातं उघडून आली. आता यांना सांगायचं कोणी? शारदाबाई म्हणाल्या, मी सांगते. आणि त्या सांगायला आल्याही होत्या, जुलैत, पदराला हात पुसत.

"मले काहून नाही सांगितलं?" खेडीकर ओरडले.

"सांगाले आली होती. तुमी म्हनले, तुले काय समजते, ओटीपी सांग. मी ओटीपी सांगितला."

"माह्या घरात, माह्या पाठीमागे..."

"रजिस्ट्री कोनाच्या नावाची हाय?" शारदाबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता.

नरेशरावांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "मी निघतो, दिवाकर. घरी... काम हाय." बिचाऱ्यांना हसू आवरत नव्हतं, आणि ते फाटकाबाहेर नेऊन सोडायची त्यांना घाई झाली होती. संध्याकाळपर्यंत अख्ख्या तात्यापाऱ्याला कळणार, हे खेडीकरांना कळून चुकलं.

"त्या पैशाचं केलं काय तू?" त्यांनी शेवटचा बाण काढला.

"तो सवाल फारमात हाय का?" शारदाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोन दिवस खेडीकरांनी रिटर्न स्वतः सुधारायचा हट्ट धरला. घरभाड्याच्या रकान्यात काय लिहायचं, किती वजा करायचं, हे ते इंटरनेटवर बघत बसले. चार ठिकाणी चार सल्ले मिळाले आणि चारही त्यांना बावळट वाटले. पण त्याने काय होतं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा. फोन शारदाबाईंच्या उशाशी होता, आणि फोनशिवाय सरकारचं दार उघडत नव्हतं. मंगळवारी शारदाबाई ठेवणीतली साडी नेसून बाहेर आल्या. "मी बुढापाऱ्यात चालली. अनुश्रीकडे."

"मीही येतो," खेडीकर म्हणाले. "ती काहीही लिहीन. देखरेख पायजे."

कागद पायऱ्या चढणार नाही म्हणणारा माणूस स्वतःच पायऱ्या चढला. जिना अरुंद होता, खाली स्टेशनरीचं दुकान होतं, आणि दुकानदार त्यांना ओळखत होता. "भैया, आप इधर?" तो म्हणाला. खेडीकर खोकले.

अनुश्री स्वेटर घालून लॅपटॉपपुढे बसली होती. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत बोलणारी, चटपटीत. तिने स्वानंदच्या आईला खुर्ची दिली. दुसरी खुर्ची फायलींनी भरलेली होती, म्हणून खेडीकर भिंतीच्या बाकावर बसले.

"काकू, पेन्शन वगैरे काही?"

"तिले कुठली पेन्शन!" बाकावरून उत्तर आलं.

"एफडी?"

"एकच हाय. व्याज मी..."

"काका," अनुश्रीने मान न वळवता म्हटलं, "मैं काकू से पूछ रही हूँ."

खेडीकरांना असं कोणी शेवटचं कधी बोललं होतं, आठवेना. त्यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

"और कुछ काकू? कुठूनही काही येत असेल तर सांगा. छोटं-मोठं."

शारदाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "दिवाळीत मी चकल्या, अनारसे करून देते ना, ऑर्डरवर. तेही सांगाचं का?"

खेडीकरांची मान गर्रकन वळली. दर दिवाळीला घरात डबे भरभरून चकल्या होतात, आणि आपल्या ताटात मात्र चारच कशा येतात, याचा उलगडा त्यांना बुढापाऱ्यात, परक्या बाकावर बसून झाला. ते इतकी वर्षं समजत होते, शारदाला नातेवाईक फार.

"हव, सब बताइए," अनुश्री हसली. तिने लिहून घेतलं, बेरीज-वजाबाकी केली, आणि म्हणाली, "काकू, टेन्शन घेऊ नका. सगळं धरूनही तुम्हाला टॅक्स लागतच नाही. द्यायचं काहीच नव्हतं, फक्त सांगायचं होतं."

मग तिने जुलैतलं रिटर्न उघडलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "भाडा नहीं, दूसरा खाता नहीं, मोबाइल तुमचा और ईमेल किसी और का. ये किसने भरा था? किसी एजंटने?"

खेडीकर पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. खोली लहान होती, माणूस दाखवायला एक बोट पुरलं असतं. चाळीस वर्षं ही बाई त्यांच्याबद्दल बाहेर एक वावगा शब्द बोलली नव्हती, आणि आज त्यांना त्या सवयीचाच काय तो आधार होता.

"होता एक," शारदाबाई म्हणाल्या. "फुकट भरून देत होता."

"फुकट वालों का ऐसाच होता है काकू." अनुश्रीने टाइप करत मान हलवली. "पर फिर भी, एक बार आपसे पूछ तो लेता."

हिशेब खात्यातल्या माणसाला आपल्याविरुद्धचा शेरा ओळखता येतो.

"चलो, भेजती हूँ. ओटीपी आला असेल."

फोन वाजला. इतक्या वर्षांच्या सवयीने खेडीकरांचा हात बाकावरून पुढे आला. शारदाबाईंनी पर्समधून चष्मा काढला, तो लावला, आणि सहाही आकडे एकेक करून अनुश्रीला वाचून दाखवले.