क्लॅरिनेटवाल्याचा खालचा दात

मी एक दात. खालच्या जबड्यातला, अगदी समोरचा, मधल्या दोघांपैकी डावीकडचा. माणसं दाताची विचारपूस करतात ती तो दुखल्यावर. मी आजवर एकदाही दुखलो नाही. सगळा घोळ तिथेच झाला.

माझा मालक शाळेत नुकता जायला लागला होता, तेव्हा दुधाचा दात पडला आणि त्या खिंडीतून मी वर आलो. माझ्या उजवीकडचा शेजारी जवळजवळ माझ्याबरोबरच उगवला. आमच्या कडा तेव्हा करवतीसारख्या होत्या. खाऊन खाऊन त्या सरळ झाल्या. आम्ही दोघं जरा तिरके, एकमेकांना खांदा लावून उभे होतो. जबडा अरुंद, त्याला कोण काय करणार?

मालक मोठा झाला आणि क्लॅरिनेट वाजवायला लागला. पुढे शहराच्या वाद्यवृंदात त्याला कायमची जागा मिळाली. तिथे सगळे त्याला अण्णा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. क्लॅरिनेट फुंकताना खालचा ओठ आत वळवून आम्हा दोघांवर घ्यावा लागतो आणि त्या ओठावर वाद्याची वेताची पातळ पट्टी टेकते. ओठ म्हणजे गादी आणि आम्ही खाट. खाट डुगडुगली की सूर डुगडुगतो. हे अण्णांना पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. खाटेची निगा कशी राखायची, ते मात्र कुणी शिकवलं नाही.

वाद्याची निगा राखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वाजवून झालं की क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करायचे, प्रत्येकातून दोरीला बांधलेलं मऊ फडकं ओढून काढायचं, सांधे पुसायचे. वर्षातून एकदा ते कारागिराकडे तपासायला न्यायचंच. वाद्य बिघडलेलं नसलं तरी न्यायचं.

आमच्या वाट्याला सकाळचा ब्रश येई. तोही घाईचा, समोरून दोन फटके. पाठीमागे कुणी फिरकत नसे.

आता पाठीमागचं सांगतो. जिभेखालून लाळ येते ती थेट आमच्या पाठीवर. दातांवर रोज एक चिकट थर बसतो. तो निघाला तर ठीक, राहिला तर लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो. त्याला कीटण म्हणतात. ते एकदा घट्ट झालं की ब्रशने निघत नाही, दातांच्या डॉक्टरांनीच खरवडून काढावं लागतं. आमच्या पाठीवर त्याची भिंत चढली. हिरडी लाल होऊन त्या भिंतीपासून मागे सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेत कीटण आणखी खाली उतरलं.

अण्णांची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती दर सहा महिन्यांनी दात साफ करून यायची.

“अहो, या वेळी तुम्हीही चला. दोघांची एकदमच वेळ घेते.”

“मला काय झालंय? एक किडलेला दात दाखव, लगेच येतो.”

“किडले नाहीत म्हणून काय साफ करायचे नाहीत?”

“साफ केले की दात हलायला लागतात. दादाचं काय झालं, विसरलीस?”

दादा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. त्यांनी उतारवयात एकदा दात साफ करून घेतले आणि पुढच्या काही महिन्यांत एकेक करून दात गेले. ते आधीपासूनच हलत होते, ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. साफसफाई तेवढी लक्षात राहिली.

मग बेसिनमध्ये लाल थेंब दिसायला लागले. अण्णांनी पेस्ट बदलली. तरी रक्त येतंय म्हटल्यावर ब्रश हलका केला आणि पुढे आमच्याकडे आणणंच सोडून दिलं. रक्त थांबलं नाही, दिसायचं कमी झालं. तोंडाला वास येतो म्हणून तालमीला जाताना ते खिशात लवंग ठेवू लागले. शेजारी बसून दुसरी क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बाईंनी आपली खुर्ची थोडी तिरकी केली. अण्णांना वाटलं, त्यांना कागदावर उजेड हवा असेल.

आत हाड झिजत होतं. आम्हाला धरणारी मूठ हळूहळू उघडावी तसं. दुखत काहीच नव्हतं.

एका मैफलीत अण्णांचा एकट्याचा संथ, लांब तुकडा होता. बाकी सगळी वाद्यं गप्प. एका वरच्या सुरावर त्यांनी ओठ दाबला आणि माझा शेजारी मागे कलंडला. पट्टी ओठावरून निसटली. क्लॅरिनेट अशी किंचाळली की पुढच्या रांगेतलं लहान मूल हसलं. वाद्यवृंदाचे मास्तर हात चालवत राहिले, पण एकदा त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी तुकडा पुरा केला.

त्याच आठवड्यात सकाळी केळं खाताना शेजारी निघून आला. साधं केळं. अण्णांनी त्याला धुऊन तळहातावर घेतलं. एवढासा दिसणारा दात आणि त्याचं मूळ केवढं लांब! त्यावर टोकापर्यंत काळपट हिरवा थर होता. बायको दारात आली. “मी म्हटलं नव्हतं?” असं तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “चप्पल घाला. निघू या.”

दातांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला आणि दिव्यावर धरला. “दात उत्तम आहेत तुमचे. एकही किडलेला नाही. घर पडायला आलंय आणि भाडेकरू धडधाकट, असा प्रकार आहे.”

मग पाण्याची बारीक धार आणि तिच्यासोबत यंत्राचं थरथरणारं टोक माझ्या पाठीला लागलं. कीटणाचे खडे तुटून पडत होते. किती वर्षांनी पाठीला वारा लागला! पण भिंत गेली तसा मी हललो. अण्णांच्या जिभेला ते लगेच कळलं.

“बघा! आलो तेव्हा घट्ट होता हा!”

“घट्ट नव्हता, चिकटलेला होता. कीटणाने एकमेकांना धरून ठेवलं होतं. खरी अवस्था आत्ता दिसतेय. अजून हिरडीच्या आतलं काढायचंय, पुढच्या आठवड्यात या.”

अण्णा वेळ न ठरवताच उठले. घरी आल्यावर बोलायचे थांबेनात. “दादाचं झालं तेच माझं होणार. उरलेलेही घालवणार ही बाई.”

संध्याकाळी त्यांनी थोडंसं वाजवून पाहिलं. जमलं नाही. सवयीने क्लॅरिनेट सुटी केली आणि फडकं ओढायला लागले. बायको समोर बसून कपड्यांच्या घड्या करत होती.

“ते फडकं नाही फिरवलं तर काय होतं हो?”

“ओल राहते. लाकूड फुगतं, मग चिरतं.”

“आणि चिरल्यावर पुसलं तर? पुसल्यामुळे चिरलं म्हणाल का?”

अण्णांचा हात थांबला. ती घड्या उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतः फोन करून वेळ घेतली.

या खेपेला हिरडी बधिर करून मुळांपर्यंत सफाई झाली. काही दिवसांत रक्त थांबलं. हिरडी फिकट गुलाबी झाली, पण खाली उतरली ती तिथेच राहिली. डॉक्टरबाईंनी आम्हा पुढच्या दातांच्या पाठीला बारीक तार चिकटवली आणि शेजाऱ्याच्या जागी एक खोटा दात बसवला. तो दिसतो छान. त्याला मूळ नाही, आमच्याच आधारावर उभा असतो.

“हाड परत भरून येईल ना?” अण्णांनी विचारलं.

“नाही. आहे तेवढं टिकवायचं. दर तीन महिन्यांनी यायचं.”

“किती वर्षं?”

“दात आहेत तोवर.”

अण्णा पुन्हा वाजवायला शिकले, नवख्यासारखे, लांब सुरांपासून. खालचे सूर परत आले. वरचे काही आलेच नाहीत. एके दिवशी तालमीनंतर मास्तर त्यांच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, “अण्णा, एकट्याचे तुकडे आता बाईंना देतो. तुम्ही दुसरी क्लॅरिनेट सांभाळा.” अण्णांनी मान डोलावली. आपले कागद उचलून ते शेजारच्या खुर्चीवर बसले. त्या दिवशी जबडे फार घट्ट मिटलेले होते.

आता ठरलेल्या दिवशी ते आपणहून दवाखान्यात जातात. बायकोची वेळही तेच घेतात. थोडंसं कीटण निघतं, चूळ भरतात, संपलं. सांगण्यासारखं काही घडत नाही. माझ्या मते आयुष्यातली ही सगळ्यात चांगली वर्षं. मुळाचा बराच भाग उघडा पडलाय, गार पाण्याने शिरशिरतो, पण उभा आहे.

तुमच्या तोंडातही माझ्यासारखे असतील, पाठीवर भिंत घेऊन गप्प उभे. ते दुखतील, मग बघू, असं म्हणू नका. आमच्यातले बरेच न दुखताच जातात.

आज मैफल आहे. बाईंचा एकटीचा तुकडा संपत आलाय. तो चालू असताना अण्णांची जीभ दोनदा येऊन मला चाचपून गेली. आहे मी. मास्तरांचा हात आमच्या बाजूला वळतोय. ओठ आत येतोय, माझ्यावर टेकतोय. आता मला बोलता येणार नाही.