नाव घेतल्याशिवाय पोचत नाही

डॅन्यूबवरचं धरण अर्धं आमचं, अर्धं पलीकडच्या रोमानियाचं. मधोमध सरहद्द, दोन्ही बाजूंना एकेक वीजघर. पाणी समसमान, वीज समसमान; साहेबलोकांनी सगळं नीट वाटून घेतलं. वाहून येणारे मुडदे कुणाचे, हे ठरवायचं मात्र राहून गेलं. पलीकडची पोरं त्यांच्या सरकारला विटून आमच्या काठाकडे पोहत निघायची. काही पोचायची. काहींना गोळी लागायची, काही बुडायची, आणि ज्या बाजूला अडकतील त्या बाजूच्या लोकांनी त्यांना पुरायचं.

टर्बाइनमध्ये ओंडके जाऊ नयेत म्हणून धरणाला लोखंडी जाळी आहे. माझा नवरा ल्युबिशा ती साफ करायच्या कामावर. सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये त्याला तिथे एक पोरगा सापडला. ओळख पटेल असं अंगावर काही नव्हतं. पोलिसांनी हात झटकले, तेव्हा माझ्या सासूबाई, दाफिना, उठल्या आणि स्वतःसाठी राखून ठेवलेल्या जागेत त्याला पुरून आल्या. एरवी ही बाई शेजारणीला चिमूटभर मीठ द्यायची नाही. पण आम्हा व्लाख लोकांत मेणबत्तीवाचून मेलेला माणूस कायमचा अंधारात चाचपडत राहतो, आणि तेवढं मात्र त्यांना कुणाचंच बघवत नसे.

तेव्हापासून दर वर्षी त्याचा पोमाना आमच्याकडेच. थडग्यावर भाकरी, कोबीचे उंडे, आलुबुखाराची दारू मांडायची, मेणबत्ती लावायची आणि मेलेल्याचं नाव घेऊन ते लोकांना वाढायचं. नाव घेतलं की त्याला पोचतं. ह्याचं नाव कुठून आणणार? सासूबाई म्हणायच्या, "ज्या माउलीचा असेल, तिच्या लेकाला पोचो." आणि घरी येऊन कुरकुरायच्या, "पत्ता नसलेलं पाकीट ते. कुठं जातंय कोण जाणे."

मग पलीकडचं सरकार पडलं, धरणावरचा रस्ता साध्या माणसांना मोकळा झाला, आणि पुढच्या वसंतात सावेता आली. लेकाची चौकशी करत काठाकाठाने गावं पालथी घालत होती. डोक्याला रुमाल हिरवागार. दुखवट्याचा काळा नाही. भाषा आम्हा व्लाखांची नि पलीकडच्यांची एकच.

"माझा सोरिन जर्मनीत आहे," ती दारातूनच म्हणाली. "फक्त इथून कसा गेला तेवढं विचारतेय. पत्र टाकायचा कंटाळा हो त्याला, पहिल्यापासून."

सासूबाईंनी तिला बसवलं, कॉफी दिली, आणि ट्रंकेतून त्या पोराचा कमरपट्टा काढून पुढे ठेवला. पट्ट्याच्या मूळ भोकांच्या आतल्या बाजूला आणखी एक वेडंवाकडं भोक होतं, तापल्या खिळ्याने पाडलेलं. सावेताने त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या पोराचा नाही."

"बरं."

"असली भोकं काय, कुणीही पाडतं."

"पाडतात की. आमचा ल्युबिशापण नुसती काडी होता."

मला कुठलं गप्प बसवतंय. "मावशी, इतक्या वर्षांत त्याच्या नावाने एकही मेणबत्ती लावली नाहीत?"

"जित्या माणसाच्या नावाने लावू?" ती माझ्यावर खेकसली. "मारू का त्याला?"

सासूबाईंनी मला डोळ्यांनीच दटावलं. मग तिला म्हणाल्या, "बाई, तुझा जर्मनीत सुखी राहो. पण आमचा तीन वर्षं उपाशी आहे गं. मी वाढते, त्याला पोचत नाही. परवा त्याचा दिवस आहे. तेवढी राहा."

ती राहिली. कोबीचे उंडे वळताना मला म्हणाली, "लसूण कमी घाल, त्याला…" सासूबाईंनी लसूण उचलून फळीवर ठेवला.

त्या दिवशी सकाळी थडग्यावरचं नेहमीसारखं बिननावाचंच आटोपून आम्ही तिघी नदीवर गेलो. सुक्या भोपळ्याच्या अर्ध्या कवटीत मेणबत्ती लावून ती पाण्यात सोडायची असते, तेव्हाही नाव लागतं. सासूबाईंनी मेणबत्ती पेटवली. "ज्या माउलीचा असेल," एवढं म्हणाल्या आणि मुद्दाम थांबल्या.

मग सावेताने डोक्यावरचा हिरवा रुमाल सोडला, घडी घालून खिशात ठेवला.

"सोरिनला पोचो," ती म्हणाली. "सोरिनला. माझ्या."

आणि चिखलातच खाली बसली. "दाफिना, आत्ता मेला गं तो. आज सकाळपर्यंत होता."

मी तोंडाची फटकळ बाई. पण मला रडू आवरेना. एवढा मोठा गुन्हा आम्ही तिच्याकडून करवून घेतला होता, आणि त्यावाचून गत्यंतरही नव्हतं.

सासूबाईंनी भोपळा पाण्यात सोडला. धरण नव्हतं तेव्हा इथे नदीला अशी ओढ होती की बघता बघता तो दिसेनासा व्हायचा. आता पाणी तळ्यासारखं पडलेलं. भोपळा काठापाशीच तरंगत राहिला. मेणबत्ती पुढे गेली नाही, तर मेलेल्याला वाट कशी दिसणार? सासूबाईंनी जोडे काढले, घागरा वर खोचला आणि ढकलायला गुडघाभर पाण्यात उतरल्या.

सावेताने मागून त्यांचा घागरा धरला.

"नको ढकलूस," ती म्हणाली. "राहू दे थोडा वेळ. आत्ता तर भेटलाय."