तेहेतीस बिस्किटं

“मौन धरलंस ना, मग पाटीवर लिवायचं न्हाई, हातवारं करायचं न्हाई, डोळंबी वटारायचं न्हाई. न्हाईतर ते मौन न्हवं, नुसता तोंडाला आराम.”

माझ्या सासूबाईंचं, झुंबरबाईंचं, हे सांगणं. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या अधिक महिन्यात सांगितलेलं. अधिक दर तिसऱ्या वर्षी येतो आणि तो महिनाभर मी उठल्यापासून पोथीचा अध्याय वाचून नैवेद्य दाखवीपर्यंत बोलत नाही. पोथीही मनातच वाचते. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली, पण मौनात असले की त्या मागे पाटावर बसल्यासारख्या वाटतात.

यंदा अधिक ज्येष्ठ. त्या मंगळवारी सकाळी आठ वाजताच नवाज आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. बेगडेवाडी स्टेशनच्या गल्लीत आमचं आणि त्याचं घर समोरासमोर. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकाशी दिवसभर बोलतो आणि उरलेलं आमच्याकडे येऊन बोलतो. त्याचं आणि माझ्या प्रेरणाचं एकच वेड, ‘शून्य फलाट’. मोबाइलवर दर रविवारी येणारी चित्रकथा. त्यात इरा नावाची रेल्वेतली इंजिनिअर एका लहान स्टेशनामागचं दार उघडते आणि दुसऱ्याच काळात जाऊन पडते. काढणारा कोण ते ठाऊक नाही, सही नुसती ‘क्ष’. वाचणारी मुलं आठवडाभर एकमेकांना अंदाज लिहून पाठवतात आणि तावातावाने भांडतात.

या वेळी क्षने कोडं घातलं होतं. इरा पहिल्यांदा उतरली तो दिवस तिच्या तिकिटावर होता, ३१ मे १९८८. दुसऱ्यांदा कुठल्या दिवशी उतरली, ते त्या भागातल्या चित्रांवरून ओळखायचं. जो पहिला बरोबर सांगेल, त्याच्या आवडीचं एक माणूस क्ष गोष्टीत काढणार. प्रत्येकाला एकच उत्तर, मुदत मंगळवारी सकाळी नऊपर्यंत.

प्रेरणाला तिथे आजी हवी होती. हसणारी. सासूबाईंचा हसतानाचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की त्या आधार कार्डाला उभं राहिल्यासारख्या ताठ व्हायच्या. गेल्या आठवड्यात प्रेरणा मला म्हणाली होती, “आई, मला आजीचं हसू आठवतं, पण दरवेळी थोडं थोडं कमी आठवतं.” त्या दिवशी मी देवापुढे जरा जास्त वेळ बसले होते.

“स्कूटर दोन हजार दोननंतरची,” नवाज सांगत होता. “टीव्ही आठच्या आधीचा. म्हणजे मधली सहा वर्षं.”

“आणि तू त्यातलं दोन हजार पाच लिहून तुझं उत्तर घालवलंस, नव्या.”

“घालवलं नाही, एक शक्यता कमी करून दिली तुला! खरी गोम त्या बिस्किटांत आहे. तांब्याच्या ताटात तेहेतीस बिस्किटं. मी सात वेळा मोजलीत. पुण्यातला एक जण म्हणतो, तेहेतीस म्हणजे इराचं वय. एक म्हणतो, तेहेतिसावा फलाट.”

“तेहेतीस म्हणजे तीन अधिक तीन, सहा. सहावं वर्ष?”

“तुझं गणित ऐकून इरा परत यायची नाही.”

मी नैवेद्याचं ताट घेऊन देवघराकडे निघाले होते. जाता जाता प्रेरणाच्या हातातल्या मोबाइलवर नजर गेली. एक बाई एका तरुणाच्या हातात ताट देते आहे. ताटात गोल गोल, वरून जाळी पडलेलं, खसखस लावलेलं काहीतरी, आणि मधोमध पेटलेला दिवा. कोपऱ्यात आंब्यांची पाटी. खिडकीत पुरता गोल चंद्र.

माझे पाय जागच्या जागी थांबले.

अगं, बिस्किटं कसली! अधिकातलं जावयाचं वाण ते. तेहेतीस अनारसे, तांब्याचं ताट, दिवा. आणि माझ्या हातातल्या ताटातही अनारसेच होते. दोघांच्या नाकासमोर. पण ती दोघं मोबाइलमध्ये.

ताट जरासं पुढे करावं का? तो हातवाराच. खाकरावं? छे. मी पुढे निघाले, पण प्रेरणाने मान वर केली होती.

“आई थांबली.”

“मग?”

“आई ताट घेऊन कधी थांबत नाही. आईला काहीतरी कळलंय!”

नवाज ताडकन उठला. “काकू! नुसतं ‘हं’ म्हणा. हं पण नको, श्वास मोठा सोडा!”

“गप रे! तिचं मौन आहे.”

“अगं, आठ वीस झालेत! किती वेळ लागतो?”

“अध्याय केवढा आहे त्यावर.”

“केवढा आहे?”

“मला काय माहीत? कधी वाचलाय मी?”

मी पोथी उघडली. अध्याय नेमका मोठा होता. दहा ओव्या गाळल्या तर कुणाला कळणार होतं? मला कळणार होतं. मागच्या पाटावर बसलेल्यांना कळणार होतं. एकदा बोट दोन ओळी पुढे सरकलं, ते मी परत मागे आणलं. बाहेर नवाज दर मिनिटाला वेळ सांगत होता आणि प्रेरणा त्याला दटावत होती. शेवटी नैवेद्य दाखवला, नमस्कार केला आणि उठले. आठ एक्कावन्न.

“अनारसे आहेत ते,” मी म्हणाले.

दोघांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, म्हणून देवापुढचं ताट आणून समोर ठेवलं. मग वाण म्हणजे काय ते सांगितलं. “म्हणजे महिना अधिक. पाटीत आंबे, म्हणजे ज्येष्ठ. चंद्र पुरता, म्हणजे पौर्णिमा. तुमच्या सहा वर्षांत अधिक ज्येष्ठ एकदाच आला, दोन हजार सातला. लग्नानंतरचा माझा पहिला अधिक तो, मी कशी विसरेन?”

नवाजची बोटं भराभरा चालली. “अधिक ज्येष्ठ पौर्णिमा, दोन हजार सात… एकतीस मे! काकू, तिकिटावर पण एकतीस मे आहे!”

“असणारच. एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात. माझ्या एकोणिसाव्या वाढदिवसाला आईने मला एकदाच ओवाळलं. एरवी तिथीला वेगळं, तारखेला वेगळं. तुमच्या इराचं दार चंद्र बघून उघडत असेल.”

“आणि सातमध्ये एकोणीस मिळवले तर…” प्रेरणाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “हा रविवार!”

“आधी उत्तर लिही, पोरी. आठ सत्तावन्न!” नवाज ओरडला.

तिने लिहिलं. पाठवलं. आणि दोघं अशी गळून बसली की जणू इराबरोबर तीच जाऊन आली होती.

“म्हणजे तुमचा चांद तीन वर्षांतून एकदा थांबून सूर्याची वाट बघतो?” अनारसा खात नवाजने विचारलं. “आमचा नाही थांबत. म्हणून ईद कधी थंडीत, कधी उन्हात.”

“थांबायला तुला तरी कुठे जमतं?” प्रेरणा म्हणाली.

“जमतं की. काकू, उत्तर बरोबर निघालं तर एक सकाळ मी मौन. घरातून निघाल्यापासून दुकानाचं शटर उघडेपर्यंत. तुमच्या सासूबाईंच्या नियमाने, हातवारे पण नाही.”

“स्टेशनपर्यंत तरी पोचशील का?”

“लिहून देतो.”

संध्याकाळी क्षचा निरोप आला. तेहेतीस अनारसे ओळखणारी प्रेरणा एकटीच. कोणाला काढू? फोटो पाठव.

प्रेरणाने सगळे फोटो पाहिले, सगळ्यांत आजी ताठ. मग माझ्यासमोर येऊन बसली. “आई, तू सांग. मी लिहिते.”

मी सांगितलं. माझ्या त्या पहिल्या अधिकात माझे वडील एसटीने वाण घेऊन आले होते. वाटेत एक अनारसा मोडला. वडील ओशाळले. सासूबाईंनी दोन्ही तुकडे जोडून गुपचूप ताटात बसवले. “जावई काय मोजत बसनार हाय व्हय?” म्हणाल्या, आणि पदराचं टोक दातांत धरून हसल्या. हसताना डावा डोळा पुरता मिटायचा आणि खांदे हलायचे, आवाज मात्र नाही.

प्रेरणाने एकही शब्द गाळला नाही.

रविवारी भाग आला. इरा दारातून बाहेर पडते, फलाटावरच्या पाटीवर ३१ मे २०२६. आणि बाकावर एक नऊवारीतली म्हातारी, पदराचं टोक दातांत, डावा डोळा मिटलेला, मांडीवर मोडका अनारसा. प्रेरणाने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग हसत सुटली, डोळे पुसत. “खांदे पण हलतायत गं आई! चित्रात असून हलतायत!”

सोमवारी सकाळी मी पोथी मिटून दार उघडलं, तर समोरच्या ओट्यावर नवाजची बहीण समरीन कमरेवर हात ठेवून उभी.

“काकू, काय केलंत याला? चहात साखर नव्हती, तरी गपचूप प्यायला!”

तिच्या मागून नवाज बाहेर आला. डबा पिशवीत टाकला, दोन्ही हात खिशात घातले आणि गल्लीतून स्टेशनकडे निघाला. कोपऱ्यावरच्या पोरांनी लांबूनच आरोळी ठोकली, “नव्या, ती बाकावरची म्हातारी कोण रे? तुला माहितीये म्हणे! सांग की!”

तो क्षणभर थांबला. त्याचे कान लाल झालेले मला इतक्या लांबून दिसले. मग खिशातले हात खिशातच ठेवून, मान सरळ, तो पुढे चालू लागला.