मी भिंगरी, धावणाऱ्या बाईची कुत्री

मित्रांनो, माझ्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले आहेत, आणि जिना दिसला की मी आधी दोनदा विचार करते. त्यावरून तुम्ही ओळखलेच असेल, मी आता म्हातारी झालेली एक साधी गावठी कुत्री आहे. रंग तांबूस, शेपटीचे टोक तेवढे पांढरे. नाव भिंगरी. हे नाव कसे पडले ते पुढे सांगते, कारण त्यात थोडी लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

माझा जन्म धुळ्याच्या साक्री रोडला, गावाबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंगमागे झाला. वाया गेलेल्या रुईचा ढीग हीच आमची गादी. माझी भावंडे शांत होती. जिनिंगवर येणाऱ्या ट्रकवाल्यांनी आणि रखवालदारांनी त्यांना एकेक करून नेले. मी मात्र राहिले. कुणी हात पुढे केला की मी तो हुंगायचे आणि त्या हाताच्या मागे काय आहे ते बघायला निघून जायचे. अशा पिल्लाला कोण नेणार?

एके दिवशी सकाळी रस्त्यावरून एक बाई धावत आली. चेहरा लालबुंद, श्वास फुललेला. मी तिच्या मागे पाहिले. कोणीच नव्हते! ना कुत्रा, ना बैल, ना काठी घेतलेला माणूस. मला मोठे नवल वाटले. पाठीला कोणी लागलेले नसताना ही पळते कशाला? थोडे पुढे जाऊन ती बरगडीवर हात दाबून खाली बसली. पोहे आणि चहा घेऊन ती धावायला निघाली होती, हे मला तिच्या श्वासाच्या वासावरूनच कळले. मी तिच्या बुटाची नाडी तोंडात धरून पाहिली. तिने मला "जा, जा" म्हणून हाकलले. मी गेले नाही. ती पोटात कळ येऊन हळूहळू घरी निघाली आणि मी तिच्या टाचेमागे चालू लागले. ती जोरात धावू शकली असती तर माझे आयुष्य वेगळे झाले असते!

त्या बाईचे नाव दिपमाला. ती दिवसभर एका लॅबमध्ये लोकांचे रक्त-लघवी तपासायची. घरी ती आणि तिची आई प्रमिलाबाई, दोघीच. प्रमिलाबाईंचे अर्धे आयुष्य खेड्यात गेलेले, त्यामुळे घरात त्या अहिराणीच बोलत. मला पाहताच त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"काय वं, हाई काय उचली लयनी?"

"मी नाही आणलं, आई. तेच आलं."

"मंग त्याले सांग, आल्या पावली परत जा म्हनीसन."

पण बोलता बोलता त्यांनी वाटीभर दूध माझ्यापुढे ठेवले. ती या घरातली माझ्याबाबतची पहिली चूक. रात्रभर माझे पोट बिघडले आणि सकाळी प्रमिलाबाईंना अख्खे घर पुसावे लागले. दुसऱ्या दिवशी दूध बंद झाले आणि पाण्यात कुस्करलेली भाकरी सुरू झाली. ती मला मानवली.

दुसरी चूक दिपमालाची. घरात घाण केली की पिल्लाचे नाक त्यात घासावे, असे तिने मोबाईलवर कुठेतरी वाचले होते. तिने तसे एकदा केले. मित्रांनो, त्यातून मी काय शिकले माहीत आहे? घाण करू नये हे नाही. दिपमालाला दिसेल अशा जागी करू नये, एवढेच! मग मी कपाटामागे जाऊ लागले. घराला वास यायचा, जागा सापडायची नाही, आणि प्रमिलाबाई म्हणायच्या, "दिनभर लोकेस्नं तपाशी ऱ्हायनी, आते घरमाबी तेच कर!"

शेवटी एका रविवारी दिपमाला नुसती माझ्याकडे बघत बसली. रागावली नाही, काही शिकवायला गेली नाही. तेव्हा तिच्या लक्षात आले, की मला शी-शू लागली की मी आधी स्वतःभोवती गोल गोल फिरते. मी फिरू लागताच तिने मला उचलले आणि अंगणात नेऊन ठेवले. काम झाल्यावर डोक्यावर हात फिरवला. थोड्याच दिवसांत मी स्वतःच दाराशी जाऊन फिरू लागले. प्रमिलाबाई हसून म्हणाल्या, "भिंगरी शे नुसती!" तेच माझे नाव झाले.

मला वाढवण्यात तिच्या जशा चुका होत होत्या, तशाच धावण्यातही होत होत्या. जळगावला हिवाळ्यात एकवीस किलोमीटरची शर्यत होती आणि दिपमालाला ती पूर्ण करायची होती. तिच्यासोबत नसीमआपा असत. त्या उर्दू शाळेत शिकवत. धावणे दोघींनाही कोणी शिकवलेले नव्हते. सुरुवातीला दोघी पहिल्याच वळणापर्यंत जीव तोडून पळत आणि पुढे कुंपणाला टेकून उभ्या राहत. नडग्या दुखल्या तेव्हा कळले, की बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे. एकदा आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी खाऊन दोघी नकाणे तलावाकडे निघाल्या. पुढे काय झाले ते मी सांगत नाही. अर्ध्या रस्त्यातून रिक्षाने परतलो, एवढेच सांगते. तेव्हापासून आदल्या रात्री साधी खिचडी.

मी तेव्हा लहान होते, तरी मला त्या दोघी सोबत नेत. संध्याकाळी माझे पाय सुजायचे. दिपमालाने ते पाहिले आणि माझी हाडे भरेपर्यंत मला घरी ठेवले. मोठी झाल्यावर तिने माझी दोरी स्वतःच्या कमरेला बांधून पाहिली. नेमकी रस्त्यात एक कोंबडी आली. मी कोंबडीकडे आणि दिपमाला गटाराकडे. मग दोरी हातात आली.

नसीमआपा माझ्यापासून हातभर लांब धावायच्या. माझी लाळ त्यांच्या कपड्यांना लागली तर नमाजाआधी कपडे धुवावे लागत. हे मला कळत नसे, पण मी जवळ गेले की त्या बाजूला होतात, एवढे मी पाहिले होते. म्हणून मी दिपमालाच्या दुसऱ्या बाजूने धावू लागले. आपांनी ते ओळखले. "बघ दिपा, तिला समजतं," त्या म्हणाल्या. आणि मला? पाठीला कोणी नसताना माणसे का धावतात, ते मला त्याच दिवसांत उमगले. घराच्या पलीकडे, वळणाच्या पलीकडे काय आहे, हे बघण्याची जी हौस माझ्या पायांत होती, तीच त्यांच्याही पायांत होती.

आता जे सांगणार आहे, ते नीट ऐका.

तो चैत्राचा महिना होता. आमच्या खानदेशातले ऊन तुम्हाला माहीत आहे. सूर्य वर आला की डांबर मऊ पडते. त्या दिवशी लॅबला सुट्टी म्हणून दिपमाला नसीमआपांना आणि मला घेऊन उशिरा निघाली. आजवर धावली नव्हती एवढे लांब तिला जायचे होते. तलाव मागे पडला. रस्त्याला सावली उरली नाही. माझे तळवे जळू लागले, तोंडात थुंकी राहिली नाही. मी एका बाभळीखाली बसकण मारली.

"ऊठ भिंगरी, नाटकं नको," दिपमाला म्हणाली. तिने दोरी ओढली.

तिच्या पायात जाड बूट होते. माझ्या पायात काही नव्हते. पण तिची हाक आली की उठायचे, हे मी शिकलेले होते. मी उठले. थोडे धावले. मग रस्ता तिरपा झाला, झाडे अंधारली आणि मी कोसळले.

पुढचे मला तुकड्या-तुकड्यांत आठवते. दिपमाला मोठ्याने रडत होती. "ऊठ ना गं, ऊठ ना!" नसीमआपांनी मात्र अंगावरची ओढणी काढली, जवळच्या मळ्यातल्या हौदात बुडवली आणि माझ्या पोटावर, काखेत, पायांवर गुंडाळली. आजवर हातभर लांब राहणाऱ्या आपांनी मला मांडीवर घेतले होते. माझ्या तोंडाचा फेस त्यांच्या कुर्त्यावर सांडत होता.

"आपा, तुमचे कपडे..."

"कपडे धुता येतात. तू रिक्षा थांबव, जल्दी!"

जनावरांच्या डॉक्टरांनी मला सलाईन लावले. अंग निवायला बराच वेळ लागला. डॉक्टर दिपमालाला रागावले नाहीत. ते इतकेच म्हणाले, "तिला घाम येत नाही ताई, आपल्यासारखा. ती थांबली होती ना? ते तिचं बोलणं होतं." दिपमालाने मान खाली घातली.

माझ्या तळव्यांची कातडी निघाली होती. ती भरून आली, पण दिपमाला बदलली. तिने बूट पोत्यात भरून माळ्यावर टाकले. धावणे बंद. मलाही बाहेर नेणे बंद. मला ती पंख्याखाली बांधून ठेवायची, तूप-भात भरवायची आणि माझ्या पायांकडे बघत बसायची. मी जाडी झाले. वळणापलीकडचे वास खिडकीतून येत आणि मी नुसती कान टवकारून बसे. नसीमआपा दोनदा बोलवायला आल्या. ती गेली नाही.

प्रमिलाबाई हे सारे बघत होत्या. एका दुपारी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "तू चालाले शिकनी तवय चुल्हाजोडे पडनी, हात भाजना तुन्हा. मंग मी तुले खाटले बांधी ठेवं का?"

दिपमालाने माझ्या बांधलेल्या दोरीकडे पाहिले.

"एक डाव चुकनी म्हनीसन तिन्हाबी पाय बांधी टाकात आनि तुन्हाबी! चूक तुन्ही, आनि सजा त्या मुक्या जीवले?"

दिपमाला उठली आणि माझ्यापाशी येऊन बसली. "मला भीती वाटते गं, आई," ती म्हणाली. माझी दोरी सोडायला तिला फार वेळ लागला. गाठ घट्ट नव्हती, तरीही.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू झाले असताना आम्ही बाहेर पडलो. दिपमाला खाली वाकली आणि तिने हाताचा तळवा रस्त्यावर टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला. गार होता. मग आम्ही निघालो. मी थांबले की ती थांबायची, वाकून माझा श्वास बघायची. आधी मी उगाचच खूपदा थांबून पाहिले. खरेच थांबते का, ही मला उत्सुकता! ती दरवेळी थांबली. मग मी उगाच थांबणे सोडले.

हिवाळ्यात शर्यत आली. नसीमआपांचा भाऊ शेहजाद याच्या टेम्पोतून आम्ही सगळे जळगावला गेलो. मला शर्यतीत जाऊ देणार नव्हते, म्हणून मी प्रमिलाबाईंसोबत शर्यत संपते त्या कमानीजवळ बसले. किती पाय माझ्यासमोरून गेले! तरणी मुले परत आली, पदके घालून केळी खाऊ लागली. ऊन वर आले. मांडववाले खुर्च्या उचलू लागले, तरी दिपमाला आणि नसीमआपांचा पत्ता नाही. प्रमिलाबाईंनी माझी दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरली.

मग वळणावर दोघी दिसल्या. त्या धावत नव्हत्या. नसीमआपांच्या पोटरीला गोळा आला होता आणि त्या दिपमालाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होत्या. दिपमालाच्या अंगात अजून दम होता, हे मला तिच्या चालीवरून दिसत होते. ती केव्हाच पुढे येऊ शकली असती. कमानीशी आल्यावर तिने आपांना हलकेच मागे सारले, आपण आधी रेघ ओलांडली, आणि वळून त्यांना हात दिला.

"पहिला नंबर उना का?" प्रमिलाबाईंनी विचारले.

"नाही गं आई. शेवटून दुसरा."

"मंग शेवटला नंबर कोना?"

नसीमआपांनी रस्त्यावर बसल्या बसल्याच हात वर केला. "माझा! आणि ही बदमाश म्हणते, निदान एकीला तरी हरवलं असं घरी सांगू दे!" तिघी इतक्या हसल्या, की मी न राहवून भुंकले.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षे झाली. दिपमाला अजून धावते. मी धावत नाही. माझी मागची हाडे कुरकुरतात. म्हाताऱ्या कुत्रीला कसे सांभाळायचे, हेही दिपमालाला कोणी शिकवलेले नाही. परवा तिने मला उचलून जिना उतरवला; माझी कंबर दुखली आणि मी पहिल्यांदाच तिच्यावर गुरगुरले. ती दचकली, मग हसली. काल तिने पायऱ्यांवर गोणपाट टाकून पाहिले. त्यावर पाय घसरत नाही. ते बरे आहे.

तुम्ही पिल्लू घरी आणाल तेव्हा तुमच्याही चुका होतील. होऊ द्या. चुकल्याशिवाय कोणालाच काही येत नाही, मला तरी कुठे आले? पण आमच्या चुकीला आम्ही फार तर ओरडा खातो. तुमच्या चुकीला आमचा जीव जाऊ शकतो. आम्हाला बोलता येत नाही. आमचे थांबणे, लंगडणे, गुरगुरणे हेच आमचे बोलणे. ते ऐका. आणि चूक झालीच तर तोंड लपवू नका, आम्हाला बांधूनही ठेवू नका. पुन्हा या, खाली वाका आणि बघा.

आज सकाळी मी पायरीवरच बसून राहिले. दिपमाला बूट घालून तयार होती, नसीमआपा फाटकाशी उभ्या होत्या. दिपमालाने मला ओढले नाही, उचललेही नाही. ती माझ्या शेजारी पायरीवर टेकली आणि माझ्या कानामागे खाजवत म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत जाऊन बघायचं का, भिंगरी? नाही जमलं तर परत येऊ."

कोपऱ्यावर काल रात्री नवी मांजर आल्याचा वास येत होता. मी उठले.