बाटलीतलं कांडण

मित्रांनो, मी जपानातल्या कानाझावा गावची एक जुनी काचेची बाटली. हिरवी, उंच आणि भलतीच चौकस. काचेची असल्यामुळे मला सगळं दिसतं. कळतं मात्र उशिरा.

भट्टीतून निघाले तेव्हा माझ्यात तांदळाची दारू भरली. लग्नकार्यात मला मानानं मधोमध ठेवत. मग लढाई आली, दारू मिळेनाशी झाली आणि मी मित्सुए नावाच्या बाईच्या स्वयंपाकघरात रिकामी पडून राहिले. फार वाईट वाटे मला.

एका दुपारी मित्सुएनं माझ्यात तांदूळ ओतला आणि वरून काठी घालून कांडायला लागली. ठक ठक ठक! मी चक्रावलेच. सकाळीच तर तिनं गल्लीतल्या बायकांना सरकारी पत्रक वाचून दाखवलं होतं : कोंड्यासकट तांदूळ खा, सावकाश चावा, देश बळकट करा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मला तिचा रागच आला.

मग मी तिची लेक चियो नीट पाहिली. कोंड्याचा भात पोटात गेला की पोरीला जुलाब होत. हातापायांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. माझा राग तिथेच विरला.

पण तांदूळ कांडणं म्हणजे हुकूम मोडणं. महिला मंडळाच्या इवासेकाकू खांद्यावरून पांढरा पट्टा घालून घरोघर तपासत. त्यांनी पकडलं तर शिधा तुटेल, म्हणून मित्सुए कांडताना चियोला मोठ्यानं गाणी म्हणायला लावी.

एकदा गाणं चालू असतानाच काकू दारात उभ्या राहिल्या.

"हे काय गं? पत्रक तूच वाचतेस ना?"

"चुकले, काकू. माझा शिधा तोडा, पण पोरीचा नका तोडू!" मित्सुए रडू लागली.

काकूंनी मला उचलून उजेडात धरलं.

"काठी फार जाड आहे, बये. कण्या होतात. झटकणीची दांडी घे. आणि कोंडा टाकू नकोस, भाजून आपण खायचा."

"तुम्हाला कसं ठाऊक, काकू?"

"माझ्या सासूला एकही दात नाही. सरकार म्हणतं, चावा. कशानं चावेल म्हातारी, हिरड्यांनी?"

मग त्यांनी पट्टा सारखा केला आणि दारात जाऊन गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "शाब्बास मित्सुए! कोंड्यासकटच शिजवतेस हो!"

मित्रांनो, कुणी काय खावं हे सांगायला जाल, तेव्हा आधी त्या घरातल्या लहान पोराजवळ आणि म्हाताऱ्या माणसाजवळ जेवायला बसा.